आविष्कार : एका कारभाराची गोष्ट

शाळा सुटली की छबिलदासच्या सभागृहात नाटक शिरायचं. दादर पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडायचं, फुलवाले-भाजीवाल्यांची गर्दी ओलांडून छबिलदासच्या गल्लीत वळायचं, कढईतल्या वड्यांचा वास घेत शाळेत शिरायचं आणि जिना चढायचा. वर एक साधं शालेय सभागृह. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा कॉलेजात होतो आणि मला उशीर झाला होता. खुर्ची मिळाली नाही म्हणून पुढे जमिनीवर बसलो, इतका पुढे की नटाच्या कपाळावरचा घाम दिसत होता. नाटकात एक लांब शांतता होती. नेमकी त्या शांततेत खालच्या रस्त्यावरून एका फेरीवाल्याची आरोळी आली. नट दचकला नाही की थांबला नाही. ती आरोळी नाटकातलीच असावी तशी त्याने ती विरू दिली आणि मग पुढचं वाक्य उचललं. प्रयोग संपल्यावर जिना उतरत होतो तेव्हा वर खुर्च्या घडी करण्याचा खडखडाट सुरू झाला होता. सोमवारी सकाळी तिथे शाळा भरायची होती.

नाट्यसंस्थेचा इतिहास लिहायला घेतला की हात आधी नाटकांच्या यादीकडे जातो. या लेखात मी धागा धरणार आहे तो दुसराच. आविष्कारचा कारभार कुणी पाहिला, तो एका हातातून दुसऱ्या हातात कसा गेला, आणि ज्यांच्याकडे बघून लोक संस्थेत आले ती माणसं एकेक करून गेल्यावर संस्था टिकली ती कशामुळे, हे मला लिहायचं आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या नाट्यसंस्थेला दरवर्षी पैशाची चणचण असतेच, तिची सवय होऊन जाते. संस्थेची खरी परीक्षा होते ती प्रमुख माणूस गेल्यावर.

जुन्या नाटक मंडळ्यांत हा प्रश्न मालकीचा असे. केशवराव भोसल्यांनी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला ललितकलादर्श काढली. ऑक्टोबर १९२१मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. ‘संयुक्त मानापमान’चा बालगंधर्वांबरोबरचा तो गाजलेला प्रयोग होऊन तीन महिनेही झाले नव्हते. मंडळी बापूराव पेंढारकरांनी सावरली, मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ त्यांच्याच काळात आलं. पुढे बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ललितकलादर्श पुन्हा उभी केली आणि साठच्या दशकात ‘पंडितराज जगन्नाथ’सारखी नाटकं त्या नावाखाली दुमदुमली. तिथे वारस ठरायला अडचण नव्हती. गल्ला, कर्ज, पडदे, पेट्या आणि नटांची बिऱ्हाडं या सगळ्याला एक मालक लागत असे. तो गेला की दुसरा मालक शोधायचा, एवढंच.

प्रायोगिक रंगभूमीवर मालकी नावाची वस्तूच नव्हती. नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारी माणसं, पदरमोड करून उभं राहिलेलं नेपथ्य, आणि शंभर-दीडशे प्रेक्षकांच्या तिकिटांतून सुटणारं भाडं. मग इथे पुढारी कोण? साहजिकच दिग्दर्शक.

रंगायन ही त्याच पद्धतीची संस्था होती. १९६० साली ती सुरू झाली, विजया मेहता तिच्या केंद्रस्थानी होत्या आणि विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे यांच्यासारखी माणसं बरोबर होती. तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’, चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’, तरुण महेश एलकुंचवारांच्या एकांकिका असं त्या दहा वर्षांत रंगायनने जे दिलं, त्याच्याशिवाय आधुनिक मराठी नाटकाचा विचारच करता येत नाही. १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आलं तेही रंगायनमधूनच. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं आणि लीला बेणारे सुलभा देशपांडे. बेणारे ही शाळेतली शिक्षिका आणि सुलभाताईही शाळेत शिकवत आलेल्या. खटल्याच्या खेळात हळूहळू घेरली जाणारी ती बाई ज्यांनी सुलभाताईंच्या रूपात पाहिली, त्यांना पुढे दुसरी बेणारे पटकन पटत नसे. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली याच नाटकावर चित्रपट केला तेव्हा बेणारेसाठी त्यांनी दुसऱ्या कुणाचा शोध घेतला नाही.

सत्तरच्या आसपास रंगायनमध्ये मतभेद झाले आणि संस्था फुटली. कुणाचं किती चुकलं, याचा निवाडा मी करणार नाही, तो माझा अधिकारही नाही. इतक्या वर्षांनी मला दिसतं ते एवढंच की रंगायनची उंची एका दिग्दर्शिकेच्या प्रतिभेवर आणि शिस्तीवर उभी होती. मतभेद झाले तरी काम चालू राहील असा दुसरा आधार तिथे कुणी उभारलेला नव्हता. दहा वर्षांच्या धुंदीत तो उभारण्याची आठवणही कुणाला झाली नसावी. मित्र वेगळे झाले आणि रंगायन थांबली.

हे फक्त मुंबईत घडत होतं असंही नाही. पुण्यात १९५१ साली भालबा केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे आपली पीडीए, सुरू केली. १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात पीडीएने ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. एकोणीस प्रयोग झाल्यावर संस्थेच्या नेतृत्वाने ते थांबवले. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर आणि त्यांचे साथीदार बाहेर पडले आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकादमी जन्माला आली. ‘घाशीराम’ तिच्याकडून पुन्हा उभं राहिलं, पुढे युरोप-अमेरिकेपर्यंत गेलं. पीडीएही संपली नाही, आपल्या वाटेने चालत राहिली. त्या तीन-चार वर्षांत मराठी प्रायोगिक रंगभूमीवर नेतृत्व बदललं ते असं, संस्था दुभंगून. खुर्ची दुसऱ्याला देऊन बाजूला बसण्याचा रिवाज अजून पडायचा होता.

या पार्श्वभूमीवर १९७१ साली आविष्कार सुरू झाली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे ही तिघं, आणि त्यांच्या पाठीशी तेंडुलकर. या तिघांची नावं एका दमात घ्यायची सवय आपल्याला आहे, पण थोडं थांबून पाहिलं तर लक्षात येतं की तिघांची कामं पहिल्यापासून वेगळी होती. अरविंद नाटक बसवायचे. सुलभाताई अभिनय करायच्या आणि मुलांमध्ये रमायच्या. काकडे बाकी सगळं करायचे. संस्थेला तीन खांब होते आणि एकाच्या कामात दुसरा लुडबुड करत नव्हता. ही रचना कुणी कागदावर ठरवून केली असेल असं मला वाटत नाही. रंगायनचा अनुभव गाठीशी होता, आणि स्वभावाने ज्याला जे जमतं ते त्याने उचललं.

आरंभाला त्यांनी नाटक निवडलं गिरीश कार्नाड यांचं ‘तुघलक’. मराठी रूपांतर तेंडुलकरांचं, दिग्दर्शन अरविंदांचं, आणि सुलतानाच्या भूमिकेत अरुण सरनाईक. नवी, हाती पैसा नसलेली संस्था सुरुवातीलाच एवढं मोठं नाटक अंगावर घेते, यात जिद्द तर आहेच, पण त्यामागची व्यवस्था विसरू नये. इतकी पात्रं, इतके पोशाख, तालमीच्या वेळा जुळवणं, नोकरदार नटांच्या रजा. दिग्दर्शकाचं नाव जाहिरातीत येतं. बाकीच्या या सगळ्या गोष्टी ज्याच्या वहीत लिहिलेल्या असतात त्याचं नाव श्रेयपत्रिकेत शेवटी येतं, तेही जागा उरली तर.

सुलभाताई दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका होत्या. आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी तेंडुलकरांकडून बालनाटकं लिहून घेतली होती. शाळेशी असलेला हा घरोबा पुढे मराठी रंगभूमीच्या इतिहासात केवढा मोलाचा ठरला! १९७४ साली शाळेचं सभागृह आविष्कारला प्रयोगांसाठी मिळालं आणि ‘छबिलदास’ हे एका शाळेचं नाव एका चळवळीचं नाव झालं. आविष्कारने ते सभागृह स्वतःपुरतं ठेवलं नाही, ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. आपल्याला जागा मिळाली आहे तर तिथे इतरांनीही यावं, परवडेल ते भाडं द्यावं, असं धोरण राहिलं. सत्यदेव दुबे यांचं थिएटर युनिट आलं, अमोल पालेकरांची अनिकेत आली. बादल सरकार यांचं ‘जुलूस’ पालेकरांनी केलं तेव्हा प्रेक्षक आणि नट यांच्यातली रेषच पुसली गेली. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं अशा मुलांनी तिथे पहिली नाटकं केली, काही फार चांगली, काही अगदी कच्ची. कच्च्या नाटकालाही तिथे तारीख मिळायची.

आविष्कारचं स्वतःचं कामही जोरात होतं. तेंडुलकरांचं ‘पाहिजे जातीचे’ अरविंदांनी १९७६च्या सुमारास केलं, त्यात नाना पाटेकर नावाचा तरुण होता. खेड्यातून शिकून आलेला, नोकरीच्या शोधात फिरणारा महिपती त्या छोट्या सभागृहात आपल्या शेजारीच उभा राहून बोलतो आहे असं वाटायचं.

हिशेबाची बाजू मात्र कायम उतरती. मोजकी आसनं, कमी ठेवलेलं तिकीट, शनिवार-रविवारचे प्रयोग. अरविंद आणि सुलभाताई व्यावसायिक नाटकांतून, चित्रपटांतून कामं करत. सुलभाताईंना हिंदी पडद्यावर पाहून ओळखणारे लाखो लोक असतील, त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की ही बाई कमावते एकीकडे आणि जीव लावते दुसरीकडे. प्रायोगिक संस्थांना व्यावसायिक रंगभूमीने पोसलं, हे वाक्य आपल्याकडे नाक मुरडून बोललं जातं. मला त्यात कमीपणा दिसत नाही. घरातलं एक माणूस कमावतं म्हणून दुसऱ्याला शिकता येतं, तसंच ते होतं.

जानेवारी १९८७मध्ये अरविंद देशपांडे गेले. पंचावन्न वर्षंही पुरी झाली नव्हती. संस्था सोळा वर्षांची होती, आणि तिची ओळख म्हणजे त्यांचं दिग्दर्शन. आता रंगायनसारखंच होणार, असं त्या काळात वाटलं असेल तर ते चूक म्हणता येणार नाही. दिग्दर्शक गेला की त्याच्या नावाने एक पुरस्कार ठेवायचा, एक शोकसभा, पुढच्या वर्षी एक स्मृतिदिन, आणि मग संस्थेचं लेटरहेड कुणाच्या तरी कपाटात पिवळं पडायचं. असं किती ठिकाणी झालं आहे.

इथे मला माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण आविष्कारने काय साधलं ते मला तिच्यामुळेच कळलं. मी एका लहान गावातल्या हौशी नाट्यसंस्थेचा काही वर्षं चिटणीस होतो. संस्थेचे संस्थापक, आमचे सर, अचानक गेले. आम्ही सगळे त्यांचे विद्यार्थी, त्यांच्या प्रत्येक नाटकातला प्रत्येक संवाद आम्हाला पाठ. पण बँकेच्या खात्यावर सही कुणाची चालते, ते माहीत नव्हतं. ठेवीची पावती सरांच्या घरी कुठल्या तरी पुस्तकात होती, ती सापडायला आठ महिने लागले. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, विश्वस्त बदलला की कलम २२ खाली नव्वद दिवसांत तो द्यायचा, तोपर्यंत दप्तरी जुनीच माणसं विश्वस्त राहतात, हे आम्हाला एका वकिलांनी सांगितलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आधीचेही दोन बदल कळवलेलेच नव्हते. दप्तरात अजूनही अशी माणसं विश्वस्त होती ज्यांच्या फोटोंना आम्ही हार घातले होते. नेपथ्याच्या लेव्हल्स आणि फ्लॅट एका धान्याच्या गोदामात पडून भिजले. तीन वर्षं आम्ही नाटक केलं नाही. चौथ्या वर्षी केलं तेव्हा आमच्यातले निम्मे पांगले होते. सरांवर आमचं प्रेम कमी नव्हतं. त्यांचं नाटक आम्ही शिकलो होतो, त्यांचा कारभार शिकलो नव्हतो.

आविष्कारमध्ये हा कारभार पहिल्या दिवसापासून एका माणसाने अंगावर घेतला होता. अरुण काकडे, सगळ्यांचे काकडेकाका. नट किंवा दिग्दर्शक म्हणून त्यांची ओळख कधीच नव्हती. प्रयोगाची तारीख, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, दिव्यांचं भाडं, नेपथ्याचा टेम्पो, जमाखर्चाची वही, नटाच्या घरचं आजारपण आणि त्याच्या जागी ऐन वेळी उभा करायचा दुसरा. नाटक म्हणजे या सगळ्यानंतर पडदा वर जातो तेव्हा दिसतं ते. अरविंद गेले त्या दिवशी संस्थेचा दिग्दर्शक गेला, पण कारभार जसाच्या तसा चालू राहिला. सुलभाताई अध्यक्षांच्या मायेने आणि काकडे चिटणिसाच्या चिकाटीने उभे राहिले, असं मी म्हणेन. पदं कागदोपत्री कुणाकडे काय होती ते बाजूला ठेवून मी हे लिहितो आहे, कारण काम तसंच वाटलेलं होतं.

आणि मग त्यांनी एक निर्णय घेतला, बहुधा न बोलता घेतलेला. अरविंदांच्या रिकाम्या जागी त्यांनी दुसरा अरविंद बसवला नाही. संस्थेचा एकच दिग्दर्शक असावा हा हट्टच सोडला. जयदेव हट्टंगडी आले, चंद्रकांत कुलकर्णी आले, चेतन दातार तर इथलाच झाला. जो नवीन संहिता घेऊन येईल, तालमीला वेळेवर येईल, त्याला आविष्कारचं नाव आणि पाठबळ मिळेल. यात जोखीम होती. एकच दिग्दर्शक असला की संस्थेची एक शैली तयार होते, प्रेक्षक तिच्या भरवशावर तिकीट काढतो. अनेकांना दार उघडलं की नाटकागणिक दर्जा वरखाली होतो, आणि तसा तो झालाही. तरी मला हाच निर्णय शहाणपणाचा वाटतो. रंगायन एका उंचीवर थांबली. आविष्कार चढउतार पाहत चालत राहिली. नाटकवाल्याला दोन्हींची गरज असते, पण विशीतल्या, हातात पहिलं नाटक असलेल्या पोराला जास्त गरज चालत राहणाऱ्या संस्थेची असते.

अरविंदांच्या नावाने नाट्यमहोत्सव सुरू झाला. तो स्मृतिदिनाच्या भाषणांचा कार्यक्रम झाला नाही हे विशेष. त्यात नाटकं होत, आविष्कारची आणि बाहेरच्या संस्थांचीही. गेलेल्या माणसाच्या नावावर दरवर्षी नव्या माणसांना रंगमंच मिळायचा.

या काळातलं सगळ्यांत मोठं धाडस १९९४ सालचं. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या तिन्ही नाटकांचा सलग प्रयोग, चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली, आविष्कारने उभा केला. आठ-नऊ तासांचं नाट्य. विदर्भातल्या एका खेड्यातलं देशपांड्यांचं घर, तात्याजी गेलेले, तेराव्याच्या खर्चाला पैसे कुठून आणायचे यावरून भावाभावांत ताण, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि प्रत्येकाच्या मनात एकच विचार, आता या घराचं पाहायचं कुणी. थोरल्या भास्करच्या कमरेला किल्ल्या आहेत, पण घर त्याच्या हातातून निसटतं आहे. मी तो प्रयोग पाहिला तेव्हा मला माझी गावाकडची संस्था आठवत होती आणि मी अंधारात डोळे पुसत होतो. मध्यंतरात सगळे प्रेक्षक एकमेकांशी घरच्यांसारखे बोलत होते. इतके तास एका घरात राहिल्यावर दुसरं काय होणार! व्यावसायिक रंगभूमीच्या गणितात न बसणारं काम करण्यासाठीच अशा संस्था जगायला हव्यात. कर्ता दिग्दर्शक जाऊन सात वर्षं झाल्यावर आविष्कारने आपला सर्वांत मोठा पल्ला गाठला, हे नीट लक्षात घेण्याजोगं आहे.

दरम्यान छबिलदासचं सभागृह सुटलं होतं. ज्या जागेने नाव दिलं ती जागाच गेली, आणि अनेकांच्या मनात चळवळ तिथेच संपली. आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली. माहीमला छबिलदासचं वलय नव्हतं, दादर स्टेशनची सोय नव्हती. पण तालमीला जागा होती, छोटे प्रयोग करता येत होते, आणि काकडे तिथे होते. मी एकदा दुपारी गेलो होतो. भिंतीवर मुलांचे तक्ते लटकत होते, त्यांच्याखाली दोन तरुण मुली एका एकांकिकेतलं भांडण घोळवत होत्या. एक जण सारखी अडखळत होती. काका बाजूला काहीतरी लिहीत बसले होते. ते मध्ये बोलले नाहीत. तिने तो तुकडा पाचव्यांदा नीट म्हटला तेव्हा त्यांनी फक्त वर पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. ती मुलगी त्या एका नजरेने किती सुखावली होती ते मला अजून दिसतं.

सुलभाताईंच्या चंद्रशाळेचं वर्णन इथे थोडक्यात उरकणं बरं नाही. चंद्रशाळा हा आविष्कारचा बालविभाग. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिचं मोठं काम, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं. नाचगाण्यांनी भरलेलं, स्टेजवर मुलांचा मेळाच्या मेळा. एकेक पिढी मोठी होई आणि नवी मुलं त्याच भूमिकांत उभी राहत. आता मोठ्या वर्तमानपत्रांत ज्यांची नावं छापून येतात त्यांच्यापैकी काही जण त्या मेळ्यात होते, पण त्याहून मोलाचे मला ते बाकीचे वाटतात जे पुढे बँकेत गेले, डॉक्टर झाले, संसारात रमले आणि तिकीट काढून नाटकाला येत राहिले. मुलांच्या नाटकात कारभार शिकवण्याची सोय आपोआप असते. आपला पोशाख आपण घडी करायचा, धाकट्याच्या कमरेला पट्टा बांधून द्यायचा, विंगेत गप्प उभं राहायचं. संस्थेचे पुढचे कार्यकर्ते असे तयार होतात.

पुढची वर्षं आविष्कारसाठी जड गेली. १९ मे २००८ला तेंडुलकर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेतन दातार गेला, वयाची पंचेचाळिशीही न गाठता. ज्याच्या हाती पुढची वीस वर्षं जायची होती तोच गेला. ‘१, माधवबाग’सारखं संयत, अंतर्मनात घुसणारं काम करून तो नुकता कुठे बहरात आला होता. म्हाताऱ्यांनी तरुणाची शोकसभा घ्यावी असा प्रसंग संस्थेवर आला. वारसा ठरवून ठेवावा आणि नियतीने तो हिसकावून घ्यावा, याला कुठल्याही घटनेत, कुठल्याही नियमावलीत तरतूद नसते. काकडे पुन्हा वही उघडून बसले.

४ जून २०१६ रोजी सुलभाताई गेल्या. ऑक्टोबर २०१९मध्ये काकडे गेले. वयाची ऐंशी उलटून गेल्यावरही ते माहीमला येत होते. तिन्ही खांब आता नव्हते.

मोकळेपणाने लिहायचं तर या पद्धतीत एक उणीवही होती, आणि ती सांगितली म्हणून काकांबद्दलचा माझा आदर तसूभर कमी होत नाही. एक माणूस जवळजवळ पन्नास वर्षं सगळं सांभाळतो, तेव्हा ते सांभाळलं जातंच आहे अशी बाकीच्यांची समजूत होते. वही त्यांच्याकडे असते, फोन त्यांना येतो, चूक झाली तर ते निस्तरतात. त्यांच्या शेजारी बसून वही लिहायला शिकणारे हात कमी पडतात. आविष्कारला हे जाणवलं असणारच. काका गेले आणि काही महिन्यांतच कोरोनाची टाळेबंदी आली. नाट्यगृहं बंद, शाळा बंद, तालमी बंद. २०२१ हे संस्थेचं पन्नासावं वर्ष, तेही त्या सावटात आलं. नाटक बंद असताना नाट्यसंस्था म्हणजे फक्त कागद, भाडं आणि एकमेकांना केलेले फोन उरतात. तो काळ काढला त्या तरुण मंडळींची नावं मी इथे देत नाही. त्यांचं काम सुरू आहे आणि त्यांचा इतिहास लिहायला अजून वेळ आहे. पण त्यांनी काढला, हे लिहून ठेवायला हवं. आता कारभार एका माणसाच्या वहीत राहू नये, एवढीच माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. तारखा एकाने पाहाव्यात, हिशेब दुसऱ्याने, कचेरीतली कागदपत्रं तिसऱ्याने, आणि दर दोन वर्षांनी कामं बदलावीत. बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यावा. हे सांगताना मी चिटणीस म्हणून बोलतो आहे, त्याला इलाज नाही.

अलीकडे एका रविवारी तालमीच्या वेळी मी पुन्हा एका शाळेच्या वर्गात बसलो होतो. मुंबईतलीच, पण वेगळी शाळा, वेगळी, अगदी नवी संस्था, सगळी विशी-बाविशीची मुलं. त्यांच्यातल्या कुणीही काकडेकाकांना पाहिलेलं नाही. रात्री दहाला तालीम संपली. दिग्दर्शक मुलगा दमून भिंतीला टेकला होता. एका मुलीने फळा पुसला, त्यावर त्यांनी खडूने स्टेजची आखणी केली होती. मग फळ्याच्या कोपऱ्यात आधीपासून लिहिलेली तारीख आणि पटसंख्या पुसली गेली आहे का ते तिने पाहिलं. पुसली गेली होती. तिने खडू शोधला आणि मोबाईलवर संध्याकाळी काढून ठेवलेला फळ्याचा फोटो बघून ती तारीख, तो आकडा आणि खालचा सुविचार होता तसा पुन्हा लिहून काढला. बाकीचे बाकं ओढून जागेवर लावत होते.